आल्यागेल्याची पोळी

जयमालाताई मथुरे रोज सकाळी दहा पोळ्या लाटतात. खाणारी माणसं तीन, लागणाऱ्या पोळ्या नऊ. दहावी आल्यागेल्याची. ही सवय त्यांच्या आईची. ठाण्याच्या घरात ती पोळी कधी उरली नाही. कुणी ना कुणी यायचंच. एकदा पत्ता चुकलेला पोस्टमन जेवून गेल्याचं त्या सांगतात.

बावीस वर्षांपूर्वी त्या ओसाकाला आल्या. शहराच्या उत्तरेला, जिथे घरं संपून बांबूचं बन आणि मग डोंगर सुरू होतो, तिथल्या एका गल्लीत त्यांचं घर आहे. या गल्लीत आलागेला माणूस नाही. इथे माणसाच्या आधी त्याचा फोन येतो. मग तो ठरल्या वेळी दारात उभा राहतो, काम सांगतो, कमरेत वाकतो आणि जातो. त्यांचे यजमान प्रताप सर विद्यापीठात संशोधन करतात. त्यांच्या प्रयोगशाळेतली आम्ही तीन-चार मराठी मुलंसुद्धा फोन करूनच त्यांच्याकडे जायचो, आणि फोन केलेल्या माणसासाठी वेगळ्या पोळ्या लाटल्या जायच्या. दहावी तशीच राहायची.

सरांनी एकदा गणित मांडून दाखवलं होतं. वर्षाच्या तीनशे पासष्ट पोळ्या, बावीस वर्षं, आणि न सांगता आलेले पाहुणे शून्य. नऊच का करत नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"नऊ केल्या की दार लावून घेतल्यासारखं वाटतं," ताई म्हणाल्या, आणि दहावी तव्यावर टाकली.

त्यांची मुलगी जुई लहान होती तोवर प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी व्हायची आणि ती शाळेतून आल्यावर खायची. तेराव्या वर्षी तिनं ती बंद केली. त्याच वर्षी डॉक्टरांनी ताईंना रक्तातली साखर जास्त असल्याचं सांगितलं. आता शिळी पोळी खाणारं घरात कुणी उरलं नाही.

ती कचऱ्यात टाकणं त्यांच्या हातून होत नव्हतं. त्याला कारण होतं. सकाळी सात ते बारा त्या एका बेंतोच्या स्वयंपाकघरात काम करतात. बेंतो म्हणजे दुकानात विकायचे जेवणाचे डबे. तिथला नियम असा की ठरलेली वेळ टळली की भात गरम असो, चांगला असो, तो पिशवीत जातो. ते काम पाळीनं येतं. पहिल्या दिवशी ताईंनी भात पिशवीत ओतला आणि नकळत बोटं पिशवीला टेकवून कपाळाला लावली. बरोबरच्या बायकांना वाटलं, डोळ्यांत काही गेलं. अजूनही त्या दर वेळी तसं करतात, आणि आता कुणी विचारत नाही. दिवसाला चार-पाच पिशव्या भात टाकणाऱ्या बाईला घरी एक पोळी टाकता येऊ नये, हे मला आधी विसंगत वाटायचं. नंतर उमगलं की तो एकाच हिशेबाचा दुसरा रकाना होता.

तर चार वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवर एक स्टीलची ताटली ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी त्यात पोळी ठेवायची, सकाळी ताटली धुऊन आत आणायची. सकाळी ती रिकामी असे. कावळा असेल, मांजर असेल. ताईंनी फार विचार केला नाही. गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनावहीत एकदा आलं होतं की भटक्या प्राण्यांना खायला घालू नये. ताईंनी ते वाचलं, खाली वाचल्याची खूण म्हणून नावाचा शिक्का उमटवला आणि वही पुढच्या घरी दिली. आपण कुणाला घालत नाही, आपण फक्त ठेवतो, अशी मनाची समजूत त्यांनी घातली होती. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

रिकामी ताटली पाहून त्यांना बरं वाटायचं. कुणीतरी येऊन गेलेलं असायचं.

भिंतीपलीकडे मोरिताबाई, इथल्या रीतीनं मोरिता-सान, राहतात. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, घर त्यांच्याहून वयानं थोडंच लहान. लाकडी खांब, कौलं, चटयांच्या खोल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. पंधरा वर्षांपूर्वी ताई या गल्लीत राहायला आल्या तेव्हा कचरा कसा वेगळा करायचा हे मोरिता-साननी त्यांना शिकवलं. बाटलीचं झाकण एका पिशवीत, बाटली दुसऱ्या, तिच्यावरचा कागद तिसऱ्या. शिकवताना त्या रागवायच्याही. मग भिंतीवरून काकड्या यायला लागल्या, इकडून दिवाळीचे लाडू जायला लागले. 'जयमाला' हे नाव त्यांच्या जिभेला लांब पडायचं, म्हणून त्या 'माला-सान' म्हणतात. पंधरा वर्षांत त्या फोन न करता एकदाही ताईंच्या दारात आल्या नाहीत. ताईही गेल्या नाहीत. बोलणं सगळं भिंतीवरून.

गेल्या एप्रिलमध्ये मोरिता-सान म्हणाल्या की वर कुणीतरी चालतं.

त्यांनी हे मुलालाही सांगितलं होतं. मुलगा नागोयाला एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे, तोही आता साठीला आलेला. तो आला, एक दिवस राहिला, त्याला काही ऐकू आलं नाही. वर कुणीतरी चालतं, मग थांबतं, मग बाळ रडल्यासारखा आवाज येतो, असं आई सांगत होती. मुलगा वाईट नव्हता, थकलेला होता. त्यानं स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली आणि नागोयातल्या एका वृद्धाश्रमात नाव नोंदवून ठेवलं. जूनमध्ये जागा रिकामी होणार होती.

मोरिता-साननी हे भिंतीवरून सांगितलं, ते जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माला-सान, मला खरंच ऐकू येतं की नाही, तेच मला कळेनासं झालंय."

ताई प्रथमच पुढच्या दारानं त्यांच्या घरी गेल्या. फोन करून गेल्या. दुपारचे दोन वाजले होते. मोरिता-सान जिथे झोपायच्या त्या खोलीत दोघी चटईवर शेजारी शेजारी उताण्या पडल्या आणि छताकडे बघत राहिल्या. एक बावन्न वर्षांची, एक शहाऐंशी. अर्धा तास काही नाही. मोरिता-साननी डोळे मिटले. मग वर, खिडकीच्या बाजूला, काहीतरी सरकलं. जड, सावकाश, पाय असलेलं. आणि पाठोपाठ एक किरकिर आली, चरचरीत, एकावर एक चढलेली, भुकेल्या तोंडांची.

ताईंनी हात लांब करून मोरिता-सानचं मनगट धरलं. "मलापण येतंय ऐकू," त्या म्हणाल्या.

म्हातारी रडली नाही. ती उठली आणि तिनं चहाला पाणी ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी पालिकेला फोन लावला. त्यांचं जपानी स्वयंपाकघरातलं. क्रियापदं सगळी आज्ञार्थी. तरी त्यांनी तीन विभागांतून वाट काढत बरोबर माणूस गाठला. पालिकेचे ओकुदा-सान आले, शिडी लावली, आणि वर चढण्याआधीच थांबले. वळचणीजवळच्या खांबावर चिखलाचे ठसे होते. पाच बोटांचे, लहान मुलाच्या हाताएवढे, एकावर एक, खालून वर गेलेले.

अराइगुमा, ते म्हणाले. धुणारं अस्वल असा त्या नावाचा अर्थ. इंग्रजीत रॅकून. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी हौसेनं पाळायला परदेशातून आणलेला प्राणी. पिल्लू असताना गोड दिसतो, मोठा झाला की चावतो. मग लोकांनी त्याला रानात सोडून दिलं. आता तो शेतं खातो, देवळांच्या माळ्यावर राहतो, आणि सरकारी यादीत नको असलेल्यांमध्ये त्याचं नाव आहे. घरी हे ऐकल्यावर प्रताप सर हसले. म्हणाले, "आपल्यासारखाच की. पोस्टिंगवर आला आणि राहून गेला." ताईंना हसू आलं नाही.

मोरिता-सानचं डोकं शाबूत आहे हे सिद्ध झालं. मुलानं तपासणी रद्द केली, पण वृद्धाश्रमातलं नाव काढलं नाही. छताच्या फळ्या मुतानं कुजल्या होत्या. अशा घरात आईला कसं ठेवू, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गल्लीची बैठक झाली. अकरा घरांतली माणसं वस्तीच्या छोट्या सभागृहात जमली. मोरिता-सानचा मुलगा मागे उभा होता. ताईंच्या शेजारी जुई बसली होती, सतरा वर्षांची, काही अडलं तर सांगायला. ओकुदा-साननी माळ्यावर काय सापडलं ते सांगितलं. एक मादी, तीन पिल्लं. पिल्लांना फार तर महिना झालेला. मग म्हणाले, बाहेर काढता येईल, भोक बुजवता येईल, पण जवळपास कुठेतरी तिला रोजचं खाणं मिळतंय, ते थांबलं नाही तर ती परत येईल. आणि त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली.

आत काहीतरी गोल, वाळकं, कडेनं कुरतडलेलं होतं. अंगावर तपकिरी ठिपके.

पिशवी हातोहात फिरली. एका आजोबांना ते जुन्या ढोलाचं कातडं वाटलं. कुणी म्हणालं, चपलेच्या आतला तळ. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, झाडाची साल, आणि कुठल्या झाडाची तेही सांगितलं. पिशवी ताईंच्या हातात आली.

जुईनं पाहिलं. ती आईशी जपानीतच बोलते. खाली मान घालून ती पुटपुटली, "आई, गप्प बस. इथे कुणालाच माहीत नाहीये."

खरंच होतं ते. त्या खोलीत ती वस्तू ओळखणारी माणसं दोनच होती. पिशवी पुढे दिली असती तर ती झाडाची सालच राहिली असती, आणि शिक्षिकेनं सांगितलेलं झाडाचं नाव मान्य करून सगळे घरी गेले असते. ताईंनी पिशवी पुढे दिली नाही. उभ्या राहिल्या.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "याला पोळी म्हणतात. मी रोज भिंतीवर ठेवते. चार वर्षं. तिला मी बोलावलं."

खोली गप्प झाली. जपानी माणसांचं गप्प होणं सोसायला बावीस वर्षं पुरत नाहीत, असं त्या म्हणतात. मोरिता-सानच्या मुलानं मागून विचारलं, कशासाठी ठेवता? तो चिडून विचारत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"कुणी आलं तर म्हणून."

"कोण येणार होतं?"

"कुणीही."

हे कुणाला समजलं नाही. जुईनं ते भाषांतर करून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा मोरिता-सान आपल्या खुर्चीतून, कुणाकडेही न बघता, म्हणाल्या, "चार वर्षं भिंतीवर ठेवलीस. भिंतीच्या या बाजूला मी होते. मला एकदाही दिली नाहीस."

आधी एकजण हसला, मग सगळे. ताईही हसल्या, पण ते वाक्य त्यांना लागलं. लाडू दिले होते, चिवडा दिला होता, डब्याला फीत बांधून. पोळी काय द्यायची, ती तर रोजची.

त्या बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गल्लीचं असं काम वर्षाच्या पाळीनं एका घराकडे असतं आणि त्या वर्षी ते दुसऱ्या घराकडे होतं. ताईंनी ते मागून घेतलं. पालिकेचा सापळा त्यांच्या अंगणात, ताटलीच्या जागेखाली ठेवायचा. रोज सकाळी त्या बघणार. काही सापडलं तर फोन त्या करणार. सापडलेल्याचं काय होतं ते ओकुदा-साननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. ते परत सोडता येत नाही. पालिकेची गाडी घेऊन जाते आणि मग ते संपवलं जातं. ताई म्हणाल्या, ठीक आहे. मुलानं थोडा विचार केला आणि वृद्धाश्रमाला नवीन वर्षापर्यंत थांबायला सांगतो म्हणाला. तोवर पुन्हा वर कुणी आलं तर मात्र तो आईला घेऊन जाणार होता.

आधी माळा रिकामा करायचा होता. ओकुदा-साननी धुराचा डबा आणला, किडे घालवायला वापरतात तो. कपाटाच्या वरची फळी सरकवून धूर सोडला. मादी हलली नाही. तासाभरानं ताईंनी विचारलं, मी करून बघू का? ओकुदा-साननी आपलं माहितीपत्रक उलटून पाहिलं, त्यात मिरचीबद्दल काही नव्हतं. ताईंनी आदल्या दिवशीच गल्लीत घरोघर जाऊन, प्रत्येकाला बिस्किटांचा पुडा देऊन, उद्या दुपारी थोडा त्रास होईल असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे धुराच्या डब्यावर त्यांचा विश्वास पहिल्यापासून नव्हता. त्यांनी लोखंडी तव्यावर दोन मुठी सुक्या मिरच्या भाजल्या आणि तवा शिडीवरून वर धरला. पाच मिनिटांत गल्ली खोकू लागली. निवृत्त शिक्षिका घराबाहेर येऊन डोळे पुसत उभ्या राहिल्या. ओकुदा-सान शिंकत होते आणि प्रत्येक शिंकेनंतर माफी मागत होते.

मग ती निघाली. मेच्या स्वच्छ उन्हात, वळचणीच्या भोकातून, तोंडात पिल्लू. डोळ्यांभोवती काळा पट्टा, उजवा कान फाटलेला. कुणाकडे न बघता ती भिंतीवरून चालत बांबूच्या बनात गेली. परत आली. दुसरं नेलं. परत आली, तिसरं नेलं. सगळे घसा दाबून उभे होते. ओकुदा-सान जाळी ठोकायला पुढे झाले तर ताईंनी त्यांचा हात धरला. ती चौथ्यांदा येत होती. धुरात आत गेली, काही वेळ दिसली नाही, आणि तोंड रिकामं घेऊन बाहेर आली.

"कुणी राहिलं नाही ना, ते बघायला आली होती," ताई म्हणाल्या.

भोक बुजलं. छताच्या फळ्या बदलल्या. ताटली धुऊन कपाटात गेली आणि दहावी पोळी आता प्रताप सर निमूटपणे, डब्यातून, प्रयोगशाळेत आणू लागले. आम्हीच ती खायचो. पण तिला आल्यागेल्याची कोण म्हणणार? ती डब्यातून आलेली होती.

सापळा अंगणात राहिला. तारेची लांबट पेटी, आतल्या पट्टीवर पाय पडला की झाकण पडतं. आमिष म्हणून ओकुदा-साननी मक्याचा गोड कुरमुरा सांगितला होता. उन्हाळाभर, पावसाळ्यात, ताई रोज कामाला निघण्याआधी छत्री घेऊन तो बघत. कधी मुंग्या, कधी काही नाही. एकदा ओकुदा-सान सहज म्हणाले की ज्या चवीची तिला सवय आहे ती ठेवली तर लवकर काम होईल. ताईंनी नकार दिला. जे कुणासाठी तरी म्हणून ठेवत होते ते फसवायला ठेवणार नाही, असं त्या म्हणाल्या. ओकुदा-साननी पुन्हा विषय काढला नाही.

ऑक्टोबरमध्ये मोरिता-सानच्या अंगणातल्या झाडाला काकी पिकली. पर्सिमन म्हणतात ते नारिंगी फळ. एका सकाळी खांबावर ठसे उमटलेले दिसले, ओले, पाच बोटांचे. वळचणीची जाळी एका कोपऱ्यातून उचकटली होती. अजून आत शिरता आलं नव्हतं. मोरिता-साननी मुलाला सांगितलं नाही. पण तो येत्या शनिवारी यायचाच होता, आणि जाळी बघायला शिडीसुद्धा लागत नव्हती, खालून दिसत होती.

त्या दिवशी मोरिता-सान भिंतीशी उभ्या राहिल्या आणि नागोयात बर्फ पडतो का असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, पडतो थोडा. एवढंच बोलणं झालं.

ताईंनी दुपारी आणखी एकदा कणीक भिजवली. दिवसाच्या पोळ्या सकाळीच झाल्या होत्या. एकच पोळी लाटली, नीट, घडीची, तूप लावून. जुई ओट्याशी अभ्यास करत होती. ती कुणासाठी, हे तिनं विचारलं नाही. ती मला नंतर म्हणाली की आई पोळी भाजताना कधीच गप्प नसते, त्या दिवशी होती. अंधार पडायच्या आत ताईंनी ती पोळी पट्टीच्या पलीकडे सापळ्यात ठेवली, आणि परत येऊन हात धुतले.

सकाळी झाकण पडलेलं होतं.

आत ती बसली होती. फाटका उजवा कान. पोळी अर्धी खाल्लेली. दोन्ही पंजे तारेतून बाहेर काढून ती काहीतरी चाचपत होती; माणसानं अंधारात दिवा शोधावा तसं. दात दाखवले नाहीत. ताईंनी वाटीत पाणी आणून तारेच्या आत सरकवलं. ओकुदा-सान म्हणाले होते, पाणी द्यायला हरकत नाही. तिनं दोन्ही पंजे पाण्यात बुडवले, चोळले, आणि पुन्हा तार धरली.

प्रताप सर चहाचा कप घेऊन बाहेर आले होते. प्राण्याकडे पाहून त्यांनी कप भिंतीवर ठेवला. माणूस मऊ आहे, प्रयोगातल्या उंदरांवरूनही त्याची झोप उडते. हळूच म्हणाले, "झाकण उचल ना. पिल्लं मोठी झाली असतील आता. जाईल बनात निघून. कुणाला कळणारे?"

ताई सापळ्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी पोळी ठेवत होते, तेव्हा तरी कुणाला कळत होतं?"

मग त्या उठल्या, कामावर आज येणार नसल्याचं कळवलं. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा. साडेआठला पालिका उघडते. साडेआठच्या ठोक्याला फोन लावून त्यांनी नाव, पत्ता, आणि 'एक, मोठी, मादी' एवढं सांगितलं.

गाडी येईपर्यंत तास लागला. तो तासभर ताई तिथेच उभ्या राहिल्या. सर आत गेले. जुई शाळेचा गणवेश घालून बाहेर आली, जा म्हटलं तरी गेली नाही, आईच्या शेजारी उभी राहिली. भिंतीपलीकडे मोरिता-सान आल्या आणि काठी टेकून उभ्या राहिल्या. चौघी होत्या, त्यातली एक तारेच्या आत. ताईंनी तोंड फिरवलं नाही. मला त्या बाईचं जे काही मोठेपण दिसलं ते या तासात आहे, आणि त्यात घडण्यासारखं काही नव्हतं. चांगलं वाटून घेण्यासाठी त्यांनी चार वर्षं जे केलं होतं त्याचा शेवट त्यांनी दुसऱ्याच्या अंगावर ढकलला नाही, आणि तो बघायचंही टाळलं नाही.

ओकुदा-सान आले. सापळ्यात उरलेली अर्धी पोळी त्यांनी पाहिली आणि ताईंकडे पाहिलं. पेटीवर कापड घालण्याआधी त्यांनी हात जोडले. मोरिता-साननीही. ताईंनी बोटं तारेला टेकवली आणि कपाळाला लावली. बेंतोच्या पिशवीला लावतात तशी.

मोरिता-सानचा मुलगा पुढच्या शनिवारी आला. जाळी तोवर नवीन बसली होती, जाड तारेची. ताईंनी त्याला सगळं सांगितलं, उचकटलेल्या कोपऱ्यासकट. त्यानं खांबावरचे ठसे पाहिले, छताखाली उभा राहून बराच वेळ ऐकलं. जाताना त्यानं नागोयाला फोन केला आणि यादीतून आईचं नाव काढायला सांगितलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या मंगळवारचं, गाडी गेली त्या दिवशीचं. दहा वाजत आले होते. सर निघून गेले होते, जुई उशिरानं शाळेत गेली होती. ताईंनी अंगण धुतलं. मग आत येऊन परात घेतली, कारण दुपारचं जेवण तर व्हायला हवं होतं. कणीक भिजवताना त्या पहिल्यांदाच अडल्या. दहावीचं पीठ घ्यावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. त्या आल्यागेल्याच्या पोळीनं आज काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. बराच वेळ हात पिठात ठेवून त्या उभ्या होत्या. मग घेतलं. का घेतलं, ते त्यांना मला सांगता आलं नाही.

बाराच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. बाहेर मोरिता-सान होत्या. पुढच्या दारानं आलेल्या, काठी घेऊन, अंगात बाहेर जायचा कोट, म्हणजे अंगणाला वळसा घालून वीस पावलं चालण्यासाठी त्यांनी तो घातला होता. हातात रुमालात गुंडाळलेल्या स्वतःच्या जेवायच्या काड्या. चेहरा अवघडलेला, चोरी करायला आल्यासारखा.

"फोन केला नाही मी," त्या म्हणाल्या.

ताई दारातून बाजूला झाल्या.

"या," त्या म्हणाल्या, मराठीत.